छोट्या टीव्ही निर्मिती संस्थेचा इतिहास लिहायचा, तर पुरावे कुठे असतात?

पाणवठा

मराठी दूरचित्रवाणीवर जे लिहिलं जातं त्यात मालिका, नट आणि शीर्षकगीतं भरपूर असतात. त्या बनवणाऱ्या संस्था मात्र श्रेयनामावलीतल्या शेवटच्या पाटीपुरत्या उरतात. १९८४ नंतरच्या वीसेक वर्षांत मुंबई-पुण्यात भाड्याचा कॅमेरा आणि भाड्याची एडिट शिफ्ट घेऊन चालणाऱ्या दोन-चार माणसांच्या अनेक संस्था होत्या. तेरा भाग केले, एखादी माहितीपटाची मालिका केली, काही औद्योगिक फिल्म केल्या आणि बंद पडल्या. मोठ्या बॅनरांचा इतिहास कुणी ना कुणी लिहील. यांचा आज लिहिला नाही, तर पुढे लिहायला काही हाती राहणार नाही.

अशा एका संस्थेचा इतिहास लिहायचा तर पाया कशाचा घ्यावा? माझं मत : आधी कागद आणि टेपा, मग मुलाखती. पहिला भाग कसा झाला हे सगळ्यांना आठवतं. तेराव्या भागाचे पैसे कधी आले आणि हक्क कुणाकडे गेले हे कागदच सांगतो, आणि संस्था का टिकली किंवा का बुडाली याचं उत्तर तिथेच असतं. जाणकारांनी भर घालावी. चूक वाटलं तर जरूर खोडून काढावं.

तिसरी घंटा

धागा महत्त्वाचा आहे, पण क्रम उलटा हवा. कागद कपाटात थांबतो, माणूस थांबत नाही. १९८५ साली तिशीत असलेला प्रॉडक्शन मॅनेजर आज सत्तरीपार आहे. मुलाखती आधी.

रात्रपाळी

कागद थांबतो, टेप थांबत नाही. त्याबद्दल सविस्तर लिहितो, थोडा वेळ द्या.

बोरूबहाद्दर

दोघांच्या मधला रस्ता सुचवतो. मुलाखतीला जाण्याआधी निदान काळाचा सांगाडा पक्का करा, नाहीतर योग्य प्रश्नच विचारता येत नाहीत.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पहिलं दशक मुख्यतः केंद्राच्या आपल्या निर्मितीचं. बाहेरचा लेखक-कलावंत यायचा तो कार्यक्रमापुरत्या करारावर, त्यामुळे त्या काळात 'आमची संस्था' असं कुणी म्हणालं तर ती संस्था बहुधा नाटकाची किंवा जाहिरातपटांची असते. १५ ऑगस्ट १९८२ला रंगीत आणि राष्ट्रीय प्रसारण आलं. खरं वळण ७ जुलै १९८४चं. 'हम लोग' प्रायोजकाच्या पैशावर उभी राहिली आणि बाहेरच्या निर्मात्याला दार उघडलं. २५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' सुरू झाल्यावर त्या दारात रांग लागली. १ मे १९८५ला मुंबईचा दुसरा चॅनल आला. १९९२ मध्ये झी, १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई टीव्ही मराठी.

प्रत्येक टप्प्यात पैसा वेगळ्या वाटेने आला, म्हणून कागदही वेगळे राहिले. प्रायोजित काळात दूरदर्शन निर्मात्याला पैसे देत नसे. प्रायोजक दूरदर्शनला शुल्क भरायचा, त्या बदल्यात जाहिरातीचे ठरावीक सेकंद मिळायचे (एफसीटी), आणि निर्मितीचा खर्चही प्रायोजकाकडून जाहिरात संस्थेमार्फत यायचा. म्हणून त्या काळातल्या फायलीत दूरदर्शनच्या पत्रांपेक्षा जाहिरात संस्थेची पत्रं जास्त सापडतात. कमिशन केलेल्या कार्यक्रमात दूरदर्शन स्वतः खर्च द्यायचं. तिथे अंदाजपत्रक, करार, हप्त्यांची पत्रं आणि प्रिव्ह्यूनंतरच्या सूचना मिळतात. खासगी वाहिन्यांच्या काळात वर्क ऑर्डर, डिलिव्हरी चलन आणि तांत्रिक तपासणीचे शेरे.

फायलीत यातलं काय आहे हे पाहिलं की संस्था कोणत्या वाटेने जगत होती ते लगेच कळतं.

मधुमालती

उत्तम प्रतिसाद. एक पुरवणी : बहुतेक मालिका तेराच्या पटीत का, हे नव्या वाचकांना माहीत नसतं. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. मुदतवाढ मिळाली की २६, मग ५२. एखाद्या मालिकेचे १७ किंवा २१ भाग दिसले तर मध्ये काहीतरी घडलं असं समजून शोधायला लागावं. प्रायोजक गेला, स्लॉट बदलला, की भाग परत आले?

जमाखर्च

मूळ मुद्द्याशी सहमत, पण कागद म्हणजे करार एवढंच नाही. करार सांगतो काय ठरलं होतं, रोजकीर्द आणि व्हाउचरं सांगतात काय झालं.

व्हाउचरांच्या गठ्ठ्यातून काय निघतं ते पाहा. कॅमेरा भाड्याच्या बिलावर युनिटचं मॉडेल असतं, त्यावरून चित्रण कोणत्या प्रकारच्या टेपवर झालं, लो-बँडवर, हाय-बँडवर की बीटाकॅमवर, ते ठरतं. एडिटच्या बिलावर शिफ्टचे तास असतात. अर्ध्या तासाच्या स्लॉटच्या भागाला तीन शिफ्ट लागत होत्या त्या एकावर आल्या, तर एडिटर बदलला किंवा यंत्र बदललं. टॅक्सी आणि जेवणाच्या व्हाउचरांवरून त्या दिवशी सेटवर किती माणसं होती याचा अंदाज येतो. कोऱ्या कॅसेटच्या खरेदीची बिलं तर सोनं आहेत. तेरा भागांसाठी किती कॅसेट घेतल्या हे कळलं की रशेस (चित्रणाच्या मूळ, एडिट न केलेल्या टेपा) जपले की त्याच कॅसेटवर पुन्हा चित्रण केलं, तेही कळतं.

आता संस्था का बुडतात. बहुतेक आठवणींत उत्तर येतं, 'मालिका चालली नाही.' खात्यात पाहिलं तर बऱ्याचदा चालणाऱ्या मालिकेनेच संस्था बुडवलेली असते. रोजच्या मालिकेचा हिशेब मांडून दाखवतो. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत.

समजा, एका भागाला खर्च दीड लाख, वाहिनीचा दर १ लाख ६५ हजार. महिन्याला २६ भाग. वाहिनीला कायम १२ भागांची बँक, म्हणजे प्रसारणाआधी करून ठेवलेल्या भागांचा साठा, तयार हवी. पैसे प्रसारणानंतर ९० दिवसांनी. म्हणजे कोणत्याही दिवशी तीन महिन्यांचे ७८ भाग दाखवून झालेले पण पैसे न आलेले, आणि १२ भाग बँकेत. ९० भाग गुणिले दीड लाख म्हणजे १ कोटी ३५ लाख रुपये अडकलेले. १५ टक्के व्याजाने वर्षाला सव्वावीस लाख. वर्षभरात ३१२ भागांचा नफा ४६ लाख ८० हजार. चाळीस टक्क्यांहून जास्त नफा व्याजातच गेला. वाहिनीने ९०चे १२० दिवस केले तर आणखी ३९ लाख उभे करायचे. यावर टीडीएस आधीच कापलेला, तो परताव्यात नंतर मिळणार. आजच्या काळात १८ टक्के जीएसटी बिल फाडलं की पुढच्या महिन्यात भरायचा, वाहिनीचे पैसे येवोत न येवोत. २६ भागांच्या ४२ लाख ९० हजारांच्या बिलावर तो ७ लाख ७२ हजार होतो. खरेदीवरचं क्रेडिट वजा जातं हे खरं, पण कलाकारांच्या आणि रोजंदारीच्या खर्चात क्रेडिट फारसं नसतं.

आठवड्याला एक भाग असताना हीच ९० दिवसांची अट साधारण तेरा भागांपुरती असते. घर गहाण टाकून ती निभते. रोजच्या मालिकेला तेवढ्यावर भागत नाही. साप्ताहिक मालिकेकडून रोजच्या मालिकेकडे जाताना छोट्या संस्था का गळाल्या याचं निम्मं उत्तर या एका गणितात आहे.

आडगुळं मडगुळं

आजवर वाटायचं की मालिका वाढवत नेतात ती सासूसुनांच्या भांडणासाठी. आता कळलं, मागच्या बिलांचे पैसे येईपर्यंत थांबताच येत नाही.

जमाखर्च

आडगुळं, विनोद म्हणून लिहिलंत तरी ते खरं आहे. मालिका थांबली की जुनी येणी वसूल करणं अवघड होतं, कारण पुढचा भाग रोखण्याची ताकद हातातून जाते.

कलम सतरा

निम्मं उत्तर जमाखर्च यांनी दिलं. उरलेलं निम्मं हक्कांत आहे आणि माझ्या मते तेच मोठं निम्मं आहे.

कॉपीराइट कायदा १९५७. निर्माता हा चित्रकृतीचा 'कर्ता' मानला जातो, कलम २(ड). ते वाचून अनेक छोटे निर्माते समजतात की हक्क आपलेच. पण कलम १७(ब) सांगतं की दुसऱ्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्रकृती बनवली आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो दुसरा. म्हणजे वाहिनीने कमिशन केलेल्या कामात कागद नसेल तर हक्क वाहिनीचे. कागद असेल तर त्यातही बहुधा तसंच लिहिलेलं असतं. प्रायोजित काळात चित्र वेगळं होतं. जोखीम निर्मात्याची असायची आणि पुष्कळदा दूरदर्शनला ठरावीक प्रसारणांपुरताच परवाना असायचा. म्हणून १९८०च्या दशकातल्या काही संस्थांकडे आज विकण्यासारखा संग्रह आहे, आणि २००० नंतर दहापट भाग करूनही काहींकडे एकही नाही.

इतिहास लिहिणाऱ्याने करारात तीन गोष्टी पाहाव्यात. मुदत लिहिली आहे का? हस्तांतरणात मुदत नसेल तर कलम १९(५) प्रमाणे पाच वर्षं. प्रदेश लिहिला आहे का? नसेल तर १९(६) प्रमाणे भारतापुरता. आणि कोणकोणती माध्यमं नावानिशी लिहिली आहेत? 'सॅटेलाइट' आणि 'केबल' हे शब्द कोणत्या सालच्या करारात पहिल्यांदा आले, हे पाहणं म्हणजे त्या संस्थेच्या वकिलाला जग केव्हा कळलं ते पाहणं.

संरक्षणाची मुदत : प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९८६ साली प्रसारित झालेल्या मालिकेचे हक्क २०४६च्या अखेरपर्यंत जिवंत आहेत. कादंबरी किंवा नाटकावर आधारित असेल तर मूळ लेखकाचे हक्क वेगळे मोजायचे.

जमाखर्च

कलम सतरा, 'मोठं निम्मं' हे पटत नाही. हक्क हातात असून उपाशी मेलेल्या संस्था कमी नाहीत. तेरा भागांच्या जुन्या साप्ताहिक मालिकेला गिऱ्हाईक कोण? एकेकाळी केबलवाले, मग सीडीवाले, आता ओटीटी. प्रत्येक वेळी भाव मिळाला तो शंभराच्या वर भाग असलेल्यांना. हक्क म्हणजे भविष्यातला पैसा. पुढच्या सोमवारचं शूटिंग त्याने होत नाही.

कलम सतरा

पुढच्या सोमवारचं शूटिंग बँकेच्या कर्जावर होतं, आणि बँक तारण मागते. हक्क असते तर तेच तारण झाले असते. हक्क नाहीत म्हणून घर गहाण पडलं. तुमचा रोख रकमेचा आणि माझा हक्कांचा प्रश्न असे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

मधुमालती

या वादाला बाहेरचा एक दाखला आहे. ब्रिटनमध्ये चॅनल फोर २ नोव्हेंबर १९८२ला सुरू झालं ते स्वतःचे कार्यक्रम न बनवता बाहेरून घेणारी वाहिनी म्हणून. त्यातून शेकडो छोट्या संस्था उभ्या राहिल्या. १९९०च्या प्रसारण कायद्याने वाहिन्यांना २५ टक्के कार्यक्रम स्वतंत्र निर्मात्यांकडून घेणं बंधनकारक केलं. काम मिळालं, पण हक्क वाहिन्यांकडेच जात राहिले आणि संस्था मोठ्या होईनात. २००३च्या कायद्याने वाहिन्यांना निर्मात्यांशी व्यवहाराची संहिता पाळायला लावली. त्यानंतर वाहिनी प्रसारणाचा परवाना विकत घेते आणि उरलेले हक्क निर्मात्याकडे राहतात. परदेशी विक्री, कार्यक्रमाचं स्वरूप दुसऱ्या देशाला विकणं, या साऱ्यातून तिथल्या संस्थांची खरी वाढ त्यानंतर झाली.

कोटा असूनही न झालेली वाढ हक्कांनी झाली, म्हणून माझं मत कलम सतरा यांच्या बाजूने. आपल्याकडे असा कोटाही नाही आणि संहिताही नाही.

तिसरी घंटा

वाद छान रंगलाय, पण यातली एकही गोष्ट मुलाखतीशिवाय कळणार नाही. करारावर सही का केली, दुसरा पर्याय होता का, हे कागद सांगत नाही.

रात्रपाळी

आता टेपांबद्दल. जरा लांबेल.

संस्थेच्या कपाटात साधारण चार पिढ्या सापडतात. पाऊण इंची यू-मॅटिक, १९८०च्या दशकाची. अर्धा इंची बीटाकॅम एसपी, १९८६ नंतरची, आपल्याकडे नव्वदीत सर्रास. मिनी डीव्ही आणि डीव्हीकॅम, नव्वदीच्या अखेरीपासून. आणि या सगळ्यांच्या व्हीएचएस प्रती, पाहण्यासाठी काढलेल्या. व्हीएचएस फेकू नका. मास्टर (प्रसारणासाठीची अंतिम टेप) हरवला असेल तर चित्रावर टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा तास-मिनिट-सेकंदातला क्रमांक) छापलेली व्हीएचएस हाच त्या भागाचा एकमेव पुरावा ठरतो.

पहिलं काम, मशीनमध्ये काहीही घालण्याआधी. यू-मॅटिक कॅसेटच्या तळाला लाल बटण असतं, ते काढून टाका. ते असेल तरच रेकॉर्डिंग होतं. बीटाकॅमचा लाल खटका सुरक्षित बाजूला करा. चुकून दाबलेल्या एका कळीने भाग पुसला गेल्याची उदाहरणं या धंद्यात भरपूर आहेत.

दुसरं, मास्टर कोणता ते ओळखणं. लेबलावर 'फायनल', 'फायनल २' आणि 'नक्की फायनल' अशा तीन कॅसेट हमखास निघतात, त्यामुळे लेबलावर विसंबू नका, आत पाहा. मास्टरच्या सुरुवातीला कलर बार, १ किलोहर्ट्झचा टोन, मग पाटी किंवा घड्याळ, आणि कार्यक्रमाची पहिली फ्रेम पुष्कळदा १०:००:००:०० या टाइमकोडवर. रशेसवर तासाचा आकडा बहुधा कॅसेटचा क्रमांक म्हणून वापरलेला असतो : तिसऱ्या कॅसेटवर ०३ पासून. टाइमकोड मध्येच उडी मारत असेल तर ते कच्चं एडिट किंवा वरून रेकॉर्ड केलेली टेप.

टेप मूळ आहे की कॉपीची कॉपी, ही पिढी ओळखायला लाल रंग पाहा. लिनिअर एडिटमध्ये, म्हणजे टेपेवरून टेपेवर जोडताना, प्रत्येक डबला (कॉपीला) चित्राचा दर्जा घसरतो. रशेस पहिली पिढी, एडिट मास्टर दुसरी, त्यावर टायटल आणि मिक्स चढवले की तिसरी. यू-मॅटिकवर तिसऱ्या पिढीत लाल रंग कडेने वाहायला लागतो आणि बारीक अक्षरं फुटतात. दोन प्रती शेजारी लावल्या की मूळ कोणती ते दिसतं.

आवाज : बीटाकॅम एसपीवर चार ट्रॅक असतात. दोन साधे, दोन एएफएम. एएफएम चित्राबरोबरच लिहिले जातात, वेगळे एडिट करता येत नाहीत. म्हणून साध्या ट्रॅकवर अंतिम मिक्स आणि एएफएमवर चित्रणाच्या वेळचा मूळ आवाज, असं घबाड कधीकधी सापडतं. डिजिटाइझ करताना चारही ट्रॅक घ्या. बहुतेक ठिकाणी दोनच घेतात.

काय बिघडतं : मुंबईच्या दमट हवेत बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढुरकी साय दिसली की ती टेप मशीनमध्ये अजिबात घालायची नाही, नाहीतर हेड चोंदतील आणि बुरशी पुढच्या टेपांना लागेल. वेगळी ठेवा, मोकळ्या हवेत मास्क लावून आधी साफ करवून घ्या. दुसरं म्हणजे चिकटपणा. चुंबकीय थर धरून ठेवणारा बाइंडर दमटपणाने विरघळू लागतो, टेप किंचाळते, हेडवर तपकिरी राप चढतो. त्यावर उपाय म्हणजे प्रयोगशाळेच्या इन्क्युबेटरमध्ये सुमारे ५० ते ५५ अंशांवर आठेक तास किंवा जास्त, आणि मग काही दिवसांत उतरवून (डिजिटाइझ करून) घेणं. घरच्या ओव्हनमध्ये नाही, तिथे तापमान वर-खाली होतं आणि कॅसेटचं कवच वाकतं. यू-मॅटिकच्या काही जुन्या टेपांना हा त्रास जास्त होतो, बीटाकॅम एसपीला कमी.

मिनी डीव्ही उतरवायची ती फायरवायर या डिजिटल केबलनेच. तसं केलं की टेपवरचा मूळ डिजिटल प्रवाह जसाच्या तसा मिळतो आणि त्यात प्रत्येक शॉटची चित्रणाची तारीख-वेळ असते, कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तर. इतिहास लिहिणाऱ्याला याहून काय हवं? व्हिडिओच्या साध्या वायरने उतरवलं की ही माहिती गेली.

आडगुळं मडगुळं

रात्रपाळी, हा प्रतिसाद छापून कपाटाच्या दाराला चिकटवायला हवा. आतल्या बाजूने नको, तिथे बुरशी आहे.

उंबरठा

कागदांच्या शोधात सरकारी दप्तरं राहून गेली, ती जोडतो.

संस्था प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कार्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचा सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) मिळतो. २१ अक्षरांचा. पहिलं अक्षर यादीबद्ध आहे की नाही ते, पुढचे पाच आकडे उद्योगाचे, मग राज्याची दोन अक्षरं, मग नोंदणीचं साल. शंभर रुपये भरून तिचे सार्वजनिक दस्तऐवज पाहता येतात : संचालकांचे बदल, ताळेबंद, आणि मुख्य म्हणजे तारणांची नोंद. बँकेकडे काय गहाण पडलं आणि कधी, ते तिथे दिसतं. जमाखर्च यांच्या गणिताला इथे थेट पुरावा मिळतो.

मात्र सीआयएनमधलं साल म्हणजे संस्थेचा जन्म नव्हे. बहुतेक छोट्या संस्था आधी मालकीच्या किंवा भागीदारीच्या होत्या, वाहिनीने अट घातली म्हणून नंतर कंपनी झाल्या. १९९८ची कंपनी १९८६ पासून काम करत असू शकते. भागीदारी असेल तर निबंधक, भागीदारी संस्था यांच्याकडे नोंद. एकट्याच्या मालकीची असेल तर अशी नोंदवहीच नाही. तिथे बँक खातं, दुकाने-आस्थापना परवाना आणि लेटरहेड एवढ्यावरच भागवावं लागतं.

दूरदर्शनकडच्या माहितीसाठी माहिती अधिकार. प्रसार भारती सार्वजनिक प्राधिकरण आहे, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. करार मागितला की 'व्यावसायिक गोपनीयता' असं उत्तर येतं, ते कलम ८(१)(ड). पण कलम ८(३) वाचा : वीस वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दलची माहिती द्यावी लागते, अपवाद फक्त (अ), (क) आणि (झ) या उपकलमांचे, इंग्रजी मजकुरातले ए, सी आणि आय. (ड) त्यात नाही. अर्जातच हे लिहून टाका. आणि 'सर्व माहिती द्यावी' असं मागू नका. मालिकेचं नाव, अंदाजे महिना, आणि नेमकं काय हवं ते : प्रसारणाच्या तारखा, कराराची प्रत, प्रिव्ह्यूचे शेरे. दस्तऐवज नियमानुसार नष्ट केला असेल तर नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत मागा.

बोरूबहाद्दर

उंबरठा, ८(३) चा मुद्दा फार उपयोगी.

प्रसारणाच्या तारखांसाठी लोक वर्तमानपत्रातला 'आजचे कार्यक्रम' हा रकाना वापरतात. वापरावाच, पण तो आदल्या दिवशी छापलेला बेत असतो. क्रिकेटचा सामना लांबला की स्लॉट गेला. राष्ट्रीय दुखवटा असला की सगळंच बदललं. रकान्यात १३ तारखा आहेत म्हणून १३ भाग दाखवले गेले असं नाही. खात्रीचा कागद म्हणजे टेलिकास्ट सर्टिफिकेट. ते प्रायोजकाला द्यावं लागायचं, म्हणून जाहिरात संस्थेच्या बिलांना जोडलेलं सापडतं. त्यावर तारीख, वेळ आणि जाहिरातींचे सेकंद असतात.

अवांतर : पटकथा लेखकांच्या संघटनेचा नोंदणी शिक्का असलेली संहिता मिळाली तर जपा. मालिका कधी सुचली आणि कधी पडद्यावर आली, यातलं अंतर तोच शिक्का दाखवतो. मंडी हाउसला (दूरदर्शनच्या दिल्लीतल्या मुख्यालयाला) पायलट, म्हणजे नमुन्याचा भाग, पाठवून वाट पाहण्यात गेलेला काळ संस्थेच्या इतिहासात धरलाच पाहिजे. त्या काळात भाडं आणि पगार चालूच असतात.

कलम सतरा

उंबरठा यांच्या मुद्द्याला एक शेपूट. संस्था 'स्ट्राइक ऑफ' झालेली, म्हणजे कंपन्यांच्या नोंदवहीतून काढलेली, दिसली तर हक्क हवेत विरले असं नाही. तिची मालमत्ता बेवारस म्हणून सरकारजमा होऊ शकते, पण कंपनी कायदा २०१३च्या कलम २५२(३) प्रमाणे राजपत्रातल्या सूचनेपासून वीस वर्षांच्या आत भागधारक किंवा धनको न्यायाधिकरणाकडे जाऊन कंपनी पुन्हा नोंदवहीवर आणू शकतात. जुन्या मालिकेला गिऱ्हाईक आल्यावर हे सुचतं आणि तोवर मुदत संपत आलेली असते. भागीदारी विसर्जित झाली असेल तर विसर्जनाच्या दस्तात हक्कांची वाटणी लिहिली आहे का ते पाहा. टेबलखुर्च्यांची असते, मालिकांची नसते.

तिसरी घंटा

आता मीही थोडं मागे येतो. मुलाखत आधी हवीच, पण वरचं वाचून तिची पद्धत बदलायला हवी. 'आठवणी सांगा' म्हणून सुरुवात करू नये. त्या माणसासमोर एक कॉल शीट, एक व्हाउचर, सेटवरचा एक फोटो ठेवावा आणि त्यावरची नावं वाचायला सांगावी. प्रॉडक्शन मॅनेजर, एडिट असिस्टंट, कंटिन्युइटी पाहणारी व्यक्ती यांना आधी भेटावं, दिग्दर्शक-निर्मात्याला शेवटी. निर्मात्याची गोष्ट अनेकदा सांगून गुळगुळीत झालेली असते. कंटिन्युइटीच्या वहीत मात्र कोणत्या दिवशी किती वाजता शूटिंग थांबलं आणि का, हे त्याच दिवशी लिहिलेलं असतं.

पाणवठा

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रमाबद्दलचं माझं मत सुधारतो : टेपा, वयस्कर माणसं, कागद.

एक व्यावहारिक प्रश्न उरतो. समजा चाळीस कॅसेट आहेत, प्रत्येकी अर्ध्या तासाच्या, चारही पिढ्यांच्या, आणि पैसे सगळ्यांना पुरणार नाहीत. सुरुवात कशाने करावी? आणि उतरवलेलं ठेवायचं कसं?

रात्रपाळी

आधी पैसे न लागणारं काम. प्रत्येक कॅसेटच्या सहा बाजूंचे आणि आतल्या कागदी कार्डाचे फोटो. लेबलं सुटतात, आणि शाई टेपेच्या आधी उडते. मग यादी : क्रमांक, प्रकार, लेबलावरचा मजकूर जसाच्या तसा, बुरशी आहे-नाही.

मग यू-मॅटिकचे मास्टर. चालू स्थितीतली मशीन झपाट्याने कमी होत आहेत, सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्त करणारे हात त्याहून कमी. त्यानंतर मिनी डीव्ही, कारण टेप अतिशय पातळ आणि लाँग प्ले वर (जास्त वेळ मावावा म्हणून कमी वेगाने) चित्रित केली असेल तर ती दुसऱ्या मशीनवर धड वाजत नाही. बीटाकॅम एसपी त्यातल्या त्यात दणकट, ती थोडी थांबेल. मास्टर मिळाला असेल त्या भागाची व्हीएचएस शेवटी.

उतरवताना टाइम बेस करेक्टर (टेपेवरचं हलणारं चित्र स्थिर करणारं यंत्र) मध्ये असल्याची खात्री करा. फाइल १०-बिट आणि न दाबलेली (अनकम्प्रेस्ड) मागा. तासाला सुमारे १०० जीबी होते, म्हणजे चाळीस कॅसेटच्या वीस तासांना २ टीबी. एफएफव्ही१ या फाइल दाबण्याच्या पद्धतीत गुणवत्ता न गमावता साधारण निम्म्यावर येते. डीव्हीच्या टेपा मूळ स्वरूपातच ठेवा, तासाला १३ जीबी, त्या फुगवून काही मिळत नाही. पाहण्यासाठी छोटी एमपी४ वेगळी. 'आम्ही थेट एमपी४च देतो' म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका, आणि चित्र १६:९ मध्ये ताणू देऊ नका. मूळ ४:३ आणि इंटरलेस (प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेषांच्या दोन भागांत) आहे, तसंच राहू द्या.

एवढ्या संग्रहाला एलटीओचा (डेटा साठवायच्या टेपेचा) खर्च नको. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन हार्ड डिस्क आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावात. प्रत्येक फाइलचा एमडी५ (फाइल बदलली तर बदलणारा पडताळणीचा आकडा) काढून मजकूर फाइलमध्ये ठेवा आणि दरवर्षी पडताळा.

जमाखर्च

आणि व्हाउचरांचे गठ्ठे स्कॅन करताना टाचण्या काढा, पण गठ्ठ्यांचा क्रम मोडू नका. कोणतं बिल कोणत्या बिलाला टाचलं होतं यावरून खर्च कोणत्या भागावर पडला ते कळतं. प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या पानावर पेन्सिलीने क्रमांक, तोच क्रमांक फाइलच्या नावात. सुतळी सोडण्याआधी एक फोटो.

उंबरठा

कमी पैशांत एक वाढीव सूचना : कॅसेटच्या यादीत रात्रपाळी यांच्या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना ठेवा, 'हक्क कुणाचे', आणि पुढे कोणत्या कागदावरून ठरवलं त्याचा गठ्ठा क्रमांक. कागद नसेल तिथे रकाना कोरा ठेवा, अंदाज भरू नका.